आधी तिची पीएचडी

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून शाल्मलीला विचारलं, "तुमच्या गणितात टर्बाइनचं पातं मधोमध तडकतं. प्रयोगात मात्र ते मुळाशी तडकलं. असं का?"

शाल्मलीने खडू उचलला आणि परत ठेवला. शेवटच्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे तिने पाहिलं. विश्रामला उत्तर येत होतं. मेकॅनिकलच्या याच विभागात तो तिच्या दोन वर्षं आधी पीएचडीला लागला होता. चाचणीचं मशीन मिळेना म्हणून त्याचे प्रयोग रखडले आणि आज डॉक्टर ती होणार होती. त्याने नुसते दोन तळवे एकमेकांवर घासून दाखवले असते, तरी तिला कळलं असतं. पण तो मान खाली घालून मुलीच्या बुटाची नाडी बांधत बसला. अडू दे की एकदा, असं त्याच्या मनात आलं.

मग फळ्यावर खडू वाजला. "मुळाशी पातं खाचेत घासतं, सर. ते घर्षण मी गणितात धरलं नव्हतं," असं म्हणत शाल्मलीने ते तिथल्या तिथे मांडून दाखवलं. टाळ्या वाजल्या. विश्रामनेही वाजवल्या.

बाहेर येताच तिने विचारलं, "तुला येत होतं ना?"

"हो."

"मग?"

"हेवा वाटला गं."

तिचे डोळे भरून आले. ते पुसत ती म्हणाली, "घरी गेल्यावर भांडणारे मी. आधी गाइडकडे चल. माझे प्रयोग संपले, आता ते मशीन तुला मिळायला हवं."

त्याचा हेवा अजून गेला नव्हता. तरी मुलीला कडेवर घेऊन तो तिच्या मागोमाग निघाला.