झळ न देणारा पत्रा

"साहेब जाईपर्यंत हात पदराखालीच ठेव, आई," ओलं फडकं गुंडाळत मैत्रीनं सांगितलं. चंद्रभागानं मान हलवली. तिच्या तळहातावर फोड टरारून आला होता. मैत्रीला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

चूक म्हणावी तर कुणाची? चंद्रभागा आदिलाबादजवळच्या या शाळेत स्वयंपाकीण. तव्यासमोर तळहात धरून झळ पाहायची आणि मगच भाकरी टाकायची, ही तिची जन्माची रीत. लेकीनं शाळेच्या अंगणात उन्हात उभा केलेला पत्राही तिनं तसाच पाहिला. वरची काच पुसायला काढली होती. झळ लागेना. तापला नसेल म्हणून तिनं सरळ हात टेकवला.

पण या पत्र्याची करामतच ती होती. तांब्यावर केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ असा काळा-निळा थर. ऊन सगळं पिऊन घ्यायचं आणि झळ जवळजवळ बाहेर सोडायचीच नाही. त्या उष्णतेवर शाळेचा भात शिजायचा. मैत्रीची पाच वर्षं तो थर बनवण्यात गेली होती. आज मंजुरी मिळाली नाही, तर सगळं मुसळ केरात.

मंजुरी देणारे लक्ष्मणराव साहेब आले. त्यांनी पत्रा पाहिला, भात चाखला. खूश झाले.

"धोका काही?"

"नाही सर," मैत्री म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

साहेबांनी पेन काढलं. "चाळीस शाळांत बसवून टाकू."

"तिथं बी सैपाकाले बायाच राहतीन ना, सायेब?" चंद्रभागानं विचारलं.

"हो, तुमच्यासारख्याच."

चंद्रभागानं पदराखालून हात काढला आणि फडकं सोडलं. "मंग आत्ता सई करू नका. भाकरीचा तवा आधी सांगते, मंग चटका देते. हा पत्रा सांगतच नाही."

साहेबांनी फोडाकडे पाहिलं, मग मैत्रीकडे. "मॅडम, हे माझ्यापासून लपवलं होतं?"

"तिनं काऊन लपवावं?" चंद्रभागा मध्येच बोलली. "पोरगी सकाळपासून म्हनून राह्यली, आई, सायबाले हात दाखव. म्याच आयकलं नाही."