भूल

लेक पहिलीत गेली आणि वर्षभर कितीदा तरी ओल्या कपड्यांनी घरी आली. वर्गाच्या बाई तिला सुट्टीआधी बाथरूमला सोडत नसत, वर सगळ्या वर्गाला तिच्यावर हसायला लावत. आई शाळेत बोलायला गेली की, "अहो, तुम्हीच फाजील लाड करता," म्हणत बाई तिला वाक्यसुद्धा पुरं करू देत नसत. आई धुमसत परत यायची.

परीक्षा संपल्या आणि त्याच बाई सुजलेला गाल धरून आईच्या दवाखान्यात आल्या. आई दातांची डॉक्टर. तिने नीट भूल दिली, गालात कापूस कोंबला, मोठा आ करायला लावला आणि दाढ कोरता कोरता सावकाश सांगायला सुरुवात केली. शाळेत जायचं म्हणून लेक सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही, इथपर्यंत ती आली, तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"दुखतंय का, बाई?"

बाईंनी मानेनेच हो म्हटलं.



भूल तर केव्हाच पुरती चढली होती, म्हणून आईने पुढचं सांगायला घेतलं.