पंधरा मीटरच्या आत

मेंढीची रेघ हललीच नाही. संगणकाच्या पडद्यावर ती आडवी पडून राहिली, आणि माणसाची रेघ मात्र चढत गेली ती थेट माथ्याला. वर्षाराणीनं नमुना पुन्हा लावला. घाण कुणाची ते ओळखणाऱ्या पीसीआर यंत्राला काय, ते कुणाची भीडभाड ठेवत नाही. दोन तासांनी त्यानं पुन्हा तेच सांगितलं. विहिरीच्या पाण्यात हगवणीचे जंतू होते, आणि त्यात उतरलेली घाण मेंढ्यांची नव्हती, माणसांची होती.

आता झाली का पंचाईत! आठ दिवसांपूर्वी वाडीत चाळीस जण हगवणीनं आडवे झाले. वाडीला पाणी देणाऱ्या विहिरीची मोटार बंद केली, टँकर आला, आणि पारावर काथ्याकूट सुरू झाला. वर्षाराणी धाराशिवच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं एका दमात सांगून टाकलं, विहिरीशेजारी बिरू धनगराच्या मेंढ्या बसतात, दुसरं काय असणार. दरसाल खतासाठी तिचे वडील भागवतरावच बिरूला बोलावून त्या रानात मेंढ्या बसवून घेतात, हे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. बिरूनं एकदा तिच्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि दिवस मावळायच्या आत बिऱ्हाड घोड्यावर लादलं. तिनं बाटलीत पाणी भरून आणलं होतं खरं, पण ते नुसतं शिक्कामोर्तब करायला.

तिनं नमुन्यासोबतचा कागद काढला. ‘विहिरीपासून पंधरा मीटरच्या आत काय काय आहे?’ मेंढ्यांचा तळ, तिच्याच वळणदार अक्षरात. खाली ‘शौचालयाचा खड्डा’ असा रकाना आणि त्यात एक आडवी रेघ. म्हणजे नाही. आणि विहिरीपासून बारा पावलांवर तिच्याच घरचा संडास उभा! तिनंच पहिल्या पगारातून बांधून दिलेला, निळ्या फरशीचा. पाहुणे आले की आई आधी तोच दाखवायची. तिथून काही घाण निघत असेल, हे रकाना भरताना तिच्या मनालासुद्धा शिवलं नाही. खड्डा कुठं घ्यायचा म्हणून वडिलांनी फोन केला होता. जागा असेल तिथं घ्या, असं सांगून तिनं घाईत फोन ठेवला होता. लाजेनं तिचे कान तापले.

तरी माणसाचं मन बघा. अहवालाची तिनं घडी घातली ती अशी, की मेंढ्यांची ओळ वर दिसावी आणि माणसांची आत जावी. उद्या ग्रामसभेत सांगायचं ते एवढंच, मेंढ्यांचा दोष निघाला नाही. बिरूला मानानं परत आणायचं. खड्डा वडील गुपचूप बुजवतील, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

बिरूचा तळ तामलवाडीच्या पुढं माळावर पडला होता. त्याच्या बायकोनं, सिताबाईनं, घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. वर्षाराणीनं दुमडलेला कागद दाखवत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. मामा, तुमच्या मेंढ्यांचं काही नाही निघालं, उद्या सभेला चला, मी चारचौघांत सांगते.

बिरूनं कागदाकडं पाहिलंही नाही.

“खड्डा बुजवला का?” त्यानं विचारलं.

तिनं उचललेला तांब्या तसाच खाली ठेवला. मग त्याच्या बोलण्यातून हळूहळू तिला कळलं. तो खड्डा खांदायला बिरूच होता. हिरीच्या अंगाला नगं, असं त्यानं भागवतरावांना तेव्हाच सांगितलं होतं. लेकीला विचारलंय, तिचं शिक्षणच पाण्याचं आहे, असं म्हणून त्यांनी त्याला गप्प केलं होतं. म्हणजे पारावर ती मेंढ्यांकडं बोट दाखवत होती, तेव्हा खरं काय ते समोरच्या माणसाला ठाऊक होतं.

हातातली घडी तिला धरवेना. “मामा, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“मोटार तर बंद झालीच व्हती, ते पानी आता कुनी पिनार नव्हतं,” बिरू म्हणाला. “आन् आमचं काय ताई, आज हितं, उद्या तितं. तुमाला त्याच वाडीत मान वर करून ऱ्हायचंय.”