तीनच उरल्यात

"अशा चिप्स जगात तीनच उरल्यात." लिलाववाल्याने निळी चिप उंच धरली. "मांडवीतली ती कॅसिनोची बोट बंद झाली, तेव्हा बाकीच्या सगळ्या भोक पाडून बाद केल्या."

पहिल्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांनी ऐंशी हजारांची बोली लावली.

मागे बसलेल्या हेमांगीने त्याच बोटीवर अठरा वर्षं पत्ते वाटले होते. भोकं पाडायलाही तिलाच बसवलं होतं, आणि दुपारी ड्रिल जळल्यावर मॅनेजरने चिप्सची उरलेली पोती कामगारांत वाटून टाकली होती. सकाळी आपल्या चिप्स विकायला आली तेव्हा तिने हे लिलाववाल्याला सांगितलं होतं. तो हसला होता. "गप्प राहा ताई, तुमच्याही अशाच एकेक करून खपवतो."

हेमांगी उठून पुढे गेली आणि पर्समधली पिशवी तिने लिलाववाल्याच्या टेबलावर पालथी केली. निळ्या चिप्स घरंगळत मास्तरांच्या पायांशी गेल्या.

"स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय," लिलाववाला दातओठ खात म्हणाला.

"पाय माझा आहे."

तिने एक चिप उचलून मास्तरांच्या हातात ठेवली. "फुकट घ्या. आमच्याकडे पोरं कॅरमला हिचाच स्ट्रायकर करतात."