वेरावळची लाँच

"म्हातारीला कळलं नाय ना अजून?" दाजींनी दवाखान्याच्या ओट्यावरच विचारलं.

राहीनं नकारार्थी मान हलवली. दाजी भावकीतले वडीलधारे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिचा नवरा बाबू समुद्रात बुडाला, त्याला आज नऊ दिवस झाले. त्याच सकाळी सासू सोनूबाई बंदरावरच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. बाबूला घेऊन लाँच धक्क्याला लागायच्या आधीच तिला जीपमध्ये घालून रत्नागिरीला आणलं होतं. ते एक बरं झालं, असं सगळे म्हणाले.

म्हातारीचं काळीज अधू. म्हणून दाजींनी ठरवलं होतं, ऑपरेशन होऊन तिच्या कानावर घालीपर्यंत राहीच्या बांगड्या राहू द्यायच्या. कळलं की त्याच दिवशी फोडायच्या.

"ऑपरेशन झालं की आज सांगूनच टाक," दाजी म्हणाले. "बायका नावं ठेवतायत. किती दिवस मिरवायचं?"

मिरवायचं म्हणे! रोज सकाळी कुंकू लावताना राहीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण उद्या हात मोकळे होतील हा विचारही नकोसा व्हायचा, तेही खरं. बाविसावं संपलं नव्हतं तिचं.

आणि सासू रोज विचारायची, "बाबू आला काय गो?"

"नाय आये. लाँच वेरावळला गेलीय."

"बरं. तू बांगड्या जप हो. एक पिचलीय बघ."

भुलीच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "ऑपरेशन नीट झालं. पूर्ण झोपवणं धोक्याचं होतं, म्हणून पाठीत बारीक नळी घालून कमरेखालचंच बधिर केलं. पण जाग्या होत्या, आणि सारखं डोळ्यांतून पाणी. टोचून बघितलं, पाय तर लाकूड झालेले. तरी म्हणतात, दुखतंय. शेवटी त्याच नळीतून थोडं मॉर्फिन घातलं. मुंबईला हे नवीन शिकलेय मी, उद्यापर्यंत दुखू देत नाही. पण पाणी काही थांबलं नाही हो."

"म्हातारं माणूस, घाबरलं असेल," दाजी म्हणाले.

राही आत गेली. दाजी दारात उभे राहिले.

सोनूबाई नाक खाजवत पडली होती. उशी ओली होती.

"आये, दुखतंय?"

"कमरेखाली कायच कळत नाय."

राही खाटेच्या कडेला टेकली. "आये, एक सांगायचंय. बाबू..."

सोनूबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "वेरावळलाच हाय ना अजून? येईल गो, येईल."

मग तिनं राहीचा हात चादरीखाली ओढला आणि अगदी हळू बोलली.

"लाँच लांब होती तेव्हाच मी त्याला बघितला, फळीवर निजवलेला. म्हणून पाय सटकला माझा. दाजीला कळू देऊ नको. मी विचारत राहीन, तू वेरावळ सांगत राहा. तोवर तुझ्या बांगड्यांना कोण हात लावणार नाय."