सरळ एकलहऱ्याला

सिन्नर फाट्याच्या सिग्नलपाशी पोलिसांनी सायकली अडवल्या तेव्हा सकाळचे सात वाजत होते. एकवीस बाया होत्या. सगळ्यांत पुढे उज्वलाताई. त्या शाळेत पीटी शिकवायच्या आणि गेले दोन महिने दर रविवारी मैदानावर या बायांना सायकल शिकवत होत्या. मैदान सोडून रस्त्यावर यायची ही पहिलीच वेळ होती.

"परवानगी?" उपनिरीक्षक रविराज यांनी विचारलं. वय तिशीच्या आत, डोळे जागरणानं लाल.

"सायकलला कसली परवानगी?"

"पाचाच्या वर सायकली एकत्र न्यायच्या तर लागते. या आठवड्यापासून."

"माहीत आहे. अर्ज दिलाय. मंगळवारीच. उत्तर कोणी देत नाही."

"उत्तर आलं की निघा. आता सगळ्या परत फिरा."

उज्वलाताई जागच्या हलल्या नाहीत. रविराजनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार खंडेराव खाली वाकले आणि त्यांनी उज्वलाताईंच्या पुढच्या चाकाची हवा सोडली. फुस्स आवाज झाला. मागून कोणीतरी मोबाइल वर धरला.

"शूटिंग बंद!" रविराज ओरडले. "गाड्या जमा करीन एकेकीच्या!"

पहिल्यांदाच रस्त्यावर आलेल्या बाया त्या आवाजानं दबल्या. एकेक जण सायकल फिरवू लागली. कोणी उतरून, कोणी एक पाय टेकत. सगळ्यांची तोंडं नाशिकरोडकडे झाली. उज्वलाताईंखेरीज उरली फक्त ताहेरा. आपल्या मुलीच्या, रिदाच्या, गुलाबी सायकलवर ती दोन्ही पाय जमिनीला टेकून समोर बघत बसली होती.

"तुम्हाला वेगळं सांगायचं का?"

"साहेब, मला वळता येत नाही."

"म्हणजे?"

"सरळ चालवता येते. वळायला गेलं की मी पडते. ताई पुढच्या रविवारी शिकवणार होत्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. खंडेराव म्हणाले, "मंग उतरा की बाई. हातानं वळवा अन् जा चालत. त्यात काय लय अवघड नाय."

ताहेरानं मान हलवली. हँडल तिनं सोडलं नाही.

"उतरून परत गेले, तर मी पुन्हा बसणार नाही. मला माहीत आहे ना मी कशी आहे ते."

सिग्नल हिरवा झाला, एक टेम्पो हॉर्न देत गेला. मग रविराजनी विचारलं, "निघाला होतात कुठं?"

"एकलहऱ्याला. माझी अम्मी राहते तिथे. सात-आठ किलोमीटर. सतरा वर्षं झाली लग्नाला. मिस्टरांना सुट्टी असली तर ते सोडतात, नाहीतर भाऊ न्यायला येतो. कोणाला वेळ नसला की राहून जातं. मागच्या महिन्यात ती पडली, तर तिला बघायला मला तिसऱ्या दिवशी जाता आलं."

"मॅडम, मला काय हौस आहे का अडवायची?" रविराजांचा आवाज आता खाली आला होता. बोलत होते ते ताहेराशी, पण बघत होते उज्वलाताईंकडे. "गेल्या रविवारी दोनशे सायकलवाले याच चौकातून गेले. लाल सिग्नल तोडून, रस्ताभर पसरून. एक आजोबा स्कूटरवरून पडले. डोकं फुटलं. त्यांना रिक्षात मी घातलं. आज तुमच्यातल्या एखादीला घालायची वेळ आली तर?"

"ते आम्ही नव्हतो," उज्वलाताई म्हणाल्या. मागे वळून बायांकडे पाहत पुढे म्हणाल्या, "पण आत्ता इथपर्यंत आम्हीही घोळका करूनच आलो. भीती वाटते ना, म्हणून बाया एकमेकींना चिकटतात. ते चुकलंच."

रविराजनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. मग टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली.

"एक रांग. डाव्या कडेनं. दोघींनी शेजारी शेजारी चालवायचं नाही. सिग्नल लाल असला की पाय खाली. जमेल?"

"जमेल."

"मागे आमची गाडी राहील. आणि अर्जाचं मी आजच बघतो." मग ते खंडेरावांकडे वळले. "हवा भरा त्यांच्या चाकात."

"मी?"

"सोडली कोणी?"

उज्वलाताईंनी पिशवीतून हातपंप काढून दिला. खंडेराव रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. वीसेक दट्टे मारल्यावर त्यांना धाप लागली. बाया आता मोकळेपणानं हसत होत्या आणि खंडेरावही घाम पुसत हसले. तेवढ्यात बाकीच्यांनी सायकली पुन्हा वळवल्या. ताहेराला वळायचं नव्हतंच. म्हणून रांगेत सगळ्यांत पुढे तीच राहिली.

रविराज चौकाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पसरून आडवी वाहनं थोपवली.

"चला, ताई."

पहिले दोन पायडल ताहेराची सायकल डगमगली. मग सरळ झाली.

पुढं रस्ता मोकळा होता, आणि एकलहऱ्यापर्यंत सरळच. लांबवर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या तेव्हा मागून कोणीतरी तिला हाक मारली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण तिला हसू आवरेना.

अम्मी अंगणात काठी टेकून उभी होती. गल्लीच्या तोंडाशी आधी तिला मुलगी दिसली, मग तिच्यामागे सायकलींची लांब रांग, आणि रांगेच्या शेवटी पोलिसांची गाडी. तिनं घाबरून छातीवर हात ठेवला.

"या अल्ला! काय केलंस गं तू?"

ताहेरानं ब्रेक दाबला, पाय टेकले. दम लागल्यामुळे तिला पटकन बोलता येईना.

"काही नाही, अम्मी," ती म्हणाली. "आज एकटी आले."