सारखे तास

"मंगळवारी नऊ सेकंद लागले, आज चौदा. तू प्रोग्राम बिघडवलायस," पुण्याहून साहेब फोनवर तापले होते.

कोऱ्हाळ्यात गावच्या घरी तापलेल्या पत्र्याखाली बसून राजनंदिनी तिसऱ्यांदा तेच सांगत होती. "सर, काम तेवढंच आहे. लॅपटॉप तापला की प्रोसेसर वेग कमी करतो. सेकंद नका मोजू, प्रोसेसरचे ठोके मोजा. ते दोन्ही दिवशी सारखेच आहेत."

"घड्याळ काय खोटं बोलतंय?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

तिनं लॅपटॉप दाणकन मिटला. "आबा, एवढी साधी गोष्ट कळत न्हाय ह्या माणसाला!"

दारात बसलेले वडील विहिरीकडं बघत म्हणाले, "तुझा काका तरी दुसरं काय सांगत हुता? त्याच्या पाळीला समद्या गावाच्या मोटरी चालू असत्यात. व्होल्टेज पडतं, पाणी निम्मंच निघतं."

सामाईक विहिरीच्या पाळ्या राजनंदिनीनंच लावून दिल्या होत्या, आबा आणि काका या दोघा भावांना सहा-सहा तास. तेव्हापासून काका दोन वर्षं घरी आला नव्हता.

"तवा तू त्याला मोबाईलातलं घड्याळ दाखवलं हुतंस," आबा म्हणाले.